पुलावर थांबलेलं सैन्य

खडूस हे नाव तिला कॉलेजच्या प्रोजेक्टमधल्या गटातल्या दोघांनी तिच्या तोंडावरच ठेवलं होतं आणि तिनं ते निमूट घेतलंही होतं. राग तिच्या घरी नवा नव्हता. आई वजनमापं तपासणारी निरीक्षक. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, खोट सापडली की जप्त करायचे आणि दुकानदारांच्या शिव्या खाऊन घरी यायचं, हे तिचं काम. जेवताना त्या शिव्यांची व्याजासकट परतफेड व्हायची आणि लहानपणी खडूस घास हातात धरून ते सगळं ऐकत बसायची. वडील मात्र लोण्यासारखे मऊ. ते तिच्याशी सोंगट्या खेळताना मुद्दाम हरत. एकदा तिच्या ते लक्षात आलं तशी तिनं सगळा पटच खिडकीबाहेर भिरकावला.

"अगं, तुला जिंकायला आवडतं म्हणून," वडील म्हणाले.

"पण मी जिंकलेच नव्हते," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

अशा मुलीनं कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एक गेम बनवायला घेतला, तेव्हा त्यातला शत्रू तिच्या वाट्याला आला हे बरंच झालं. गट तिघांचा. कप्तान म्हणजे गोड बोलून कुणाकडूनही काहीही काढून घेणारा मुलगा. लॅबची किल्ली त्याच्याकडे, सरांची मर्जी त्याच्यावर. दुसरी रंगारी. ती खडूसची शाळेपासूनची मैत्रीण, आणि गेममधली प्रत्येक भिंत, प्रत्येक कौल तिच्या हातचं. गेम साधा होता. मध्ये नदी, नदीवर एकच पूल, दोन काठांना दोन शहरं. एक शहर खेळणाऱ्याचं, दुसरं संगणकाचं. कालवे खणायचे, धान्य साठवायचं, तह करायचे, मोडायचे, आणि शेवटी पूल कुणाचा ते ठरवायचं.

संगणकाच्या शहराचं डोकं खडूसनं लिहिलं. तिनं त्याला एकच शिस्त लावली होती. खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते त्यालाही दिसणार नाही. तो चोरून बघणार नाही, फुकटचं धान्य घेणार नाही, पण दिलेला शब्द मोडला तर विसरणारही नाही. वर्गातली पोरं हौसेनं खेळायला यायची आणि धूळ चाटून जायची. खडूसला त्यांची कीव यायची नाही. शत्रू खरा आहे, एवढंच तिला त्यातून कळायचं.

कॉलेजचं प्रदर्शन भरलं त्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलामागे इस्त्रीच्या कपड्यातली पोरं उभी होती. प्रमुख पाहुणे एका मोठ्या कंपनीचे साहेब. दरवर्षी ते इथूनच काही जणांना नोकरीवर घेत, त्यामुळे सर त्यांच्यामागे सावलीसारखे फिरत होते. साहेब या तिघांच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि खेळू लागले.

खेळले ते अगदीच भोंगळ. धान्य उधळलं, तह केला आणि लगेच मोडला. खडूस मागे हाताची घडी घालून उभी होती. पलीकडच्या शहरानं सैन्य बाहेर काढलं, ते पुलावर आलं. आता साहेबांचं शहर पडणार हे तिला दिसत होतं.

आणि सैन्य थांबलं.

पुलाच्या मधोमध, जिंकायला एक पाऊल राहिलं असताना, ते नुसतं उभं राहिलं. साहेबांनी उरलेसुरले शिपाई जमवले आणि त्याला कापून काढलं. सैन्यानं हातसुद्धा उचलला नाही. पडद्यावर साहेबांचा झेंडा चढला आणि मागे टेकडी उघडत गेली, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून इतरांनीही वाजवल्या.

खडूसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तिचं काम नव्हतं. तिच्या कोडमध्ये कुणीतरी हात घातला होता. तिनं कप्तानकडे पाहिलं. तो पाहुण्यांकडे बघून हसत होता.

"सर, तुम्ही जिंकला नाहीत," ती साहेबांना म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण टाळ्या थांबल्या. "तुम्हाला जिंकवलं गेलंय. माझ्या लॅपटॉपवर मूळचा गेम आहे. खेळायचा असेल तर पुन्हा बसा."

साहेब उठले, कोट सारखा केला. "मी इथं हरायला आलो नव्हतो," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. सरांनी जाता जाता खडूसकडे असं पाहिलं, की शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी माना खाली घातल्या.

लॅबमध्ये आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

"कुणाला विचारून केलंस?"

"कुणाला विचारायचं?" कप्तान म्हणाला. "तुला? तू हो म्हणाली असतीस? माणूस हरायला आला की पलीकडचं सैन्य थांबतं, एवढंच घातलं मी त्यात. कुणाचं काय बिघडलं?"

"मग खेळ कशाला? टाळ्या वाजवणारं खेळणंच द्यायचं होतंस साहेबांच्या हातात."

"मीच सांगितलं त्याला," रंगारी म्हणाली.

खडूस गर्रकन वळली. शिव्या तोंडात तयार होत्या, पण त्या कप्तानसाठी होत्या.

"तू?"

"हो, मी. टेकडीवरचा गाव काढलाय मी. गल्ल्या, पाणवठा, वाळत घातलेले कपडे. पूल घेतल्याशिवाय तो गाव दिसत नाही, आणि पूल कालपर्यंत कुणाच्या बापाला मिळाला नव्हता. वर्षभर हात मोडेस्तोवर काढलं, ते काय फाइलमध्ये कुजायला?" रंगारी आता खडूसच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुला फक्त तुझा शत्रू दिसतो. आणि तो तरी कुठं सरळ आहे? प्रत्येक पाळीत आधी तो चालतो. दोघं एकदम पुलाशी पोचले, तरी पूल त्यालाच."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग बघ जाऊन."

खडूस पाय आपटत घरी गेली. आई स्वयंपाकघरात काहीतरी चिरत होती. हिनं दप्तर आपटलं, लॅपटॉप उघडला आणि स्वतःचंच कोड वाचायला बसली. रंगारीचं खरं होतं. पहिली पाळी नेहमी संगणकाची. तिनं कधी तसं ठरवलं नव्हतं. आधी कुणाचं तरी लिहावं लागतं म्हणून त्याचं लिहिलं, आणि ते तसंच राहून गेलं. तिला कप्तानचा राग आला, रंगारीचा आला, आणि मग नाव घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा तिनं टेबलावर मूठ आपटली.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

तिनं सांगितलं. आईनं सुरी खाली ठेवली. "काट्यात खोट असली, तर मुद्दाम केलीस की चुकून, हे मी विचारत बसत नाही. काटा उचलते."

खडूसनं त्याच संध्याकाळी पाळी बदलली. आता एकदा हा आधी, एकदा तो. दुसऱ्या दिवशी कप्तानला म्हणाली, "मी माझं दुरुस्त केलंय. आता तू तुझं काढ."

"गेम जमा झालाय. सरांनी सही केलीय. आता कशालाही हात लावायचा नाही."

"मग तोंडी परीक्षेत मी सांगणार."

"सांग. आपल्या तिघांच्याही पायावर धोंडा पडेल."

तिनं सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि तिघांचेही गुण कापले. प्रोजेक्ट गटाचा, चूक गटाची, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर कप्तान खडूसशी कधीच बोलला नाही. पुढे त्याला त्याच साहेबांच्या कंपनीत नोकरी लागली. तेव्हाही तिनं अभिनंदन केलं नाही.

रंगारी दोन आठवडे फिरकली नाही. मग एका दुपारी ती खडूसच्या दारात उभी राहिली, तोंड पाडून.

"माझे गुण गेले तुझ्यामुळे."

"माहीतेय."

"नवीन केलेला गेम दे खेळायला."

ती खेळली आणि हरली. दुसऱ्या दिवशी आली, परत हरली. येताना तोंड वाकडं, जाताना त्याहून वाकडं. खडूस शेजारी बसायची, पण एका शब्दानं काही सुचवायची नाही, आणि रंगारीही विचारायची नाही. वडील चहा ठेवून जायचे आणि दोघी बोलत का नाहीत याचं कोडं घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचे.

होता होता एका दुपारी पूल रंगारीच्या हाती आला. सैन्य शेवटपर्यंत लढलं, थांबलं नाही. पडदा वर सरकला आणि टेकडीवरचा गाव दिसू लागला: चढाच्या गल्ल्या, पाणवठा, दोरीवरचे कपडे. खडूसनंही तो असा पडद्यावर उलगडताना कधी पाहिला नव्हता. तिला तो आवडला आणि त्याचाही तिला राग आला.

रंगारी पडद्याला नाक लावून एकेक घर बघत गेली.

"खिडक्यांचा रंग चुकलाय," ती शेवटी म्हणाली.

"काही चुकलेला नाही."

"तुला काय कळतंय रंगातलं? सरक," असं म्हणत तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.