हिरव्या खणाचा भाग

बैलांच्या बाजारात माझा जन्म गेला. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची आणि तोंडातून शब्द न काढता भाव ठरवायचा. भोर-वेल्ह्याच्या टापूत या कामात मला कुणी हरवलं असेल, तर त्यानं पुढं यावं. हरवलं ते एका शिंप्यानं, आणि तेही बैलापायी नव्हे, सोळा पानांपायी.

दगडूमामा शिंप्यांची आणि माझी पहिली गाठ भांडणातच पडली. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची चार-पाच वर्षं असतील. भोरच्या पेठेत एका वाण्याच्या ओट्यावर त्यांचं मशीन असे. मी बंडी शिवायला टाकली होती आणि मामांचा वायदा तीनदा टळला होता. चौथ्यांदा गेलो तो वाटेनं शिव्या जुळवतच. पाहतो तर मशीन बंद. ओट्यावर दहा-बारा पोरं, दोन म्हाताऱ्या, एक माळीण डोक्यावर टोपली तशीच घेऊन उभी. आणि मामा नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून पुस्तक वाचताहेत. माझी बंडी त्यांच्या मांडीवर, एका बाहीची.

"मामा, बंडी!" मी ओरडलो.

मामांनी मान वर केली नाही. "बस. बंडीला एक बाही ऱ्हायलीया, गोष्टीला एक पान. आधी कुठलं करू?"

"बंडी!"

"का रं पोरांनो?"

पोरांनी "पान, पान" असा गिल्ला केला. माळीण म्हणाली, "बसा की दादा. बाहीवाचून बैल थांबत्यात व्हय कुठं?" सगळे हसले. मी धुमसत ओट्याच्या कडेला टेकलो. पान संपलं, मामांनी बाही लावायला घेतली, आणि मीच विचारलं, "मग त्या जासुदाचं म्होरं काय झालं?"

तिथंच मी सापडलो.

ती एका जासुदाची गोष्ट होती. गडावरून खलिता घेऊन तो निघतो आणि वाटेत एकामागून एक विघ्नं येतात. हे पुस्तक मामांना रद्दीत मिळालं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिलं पानही नव्हतं, त्यामुळं पुस्तकाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी त्याची शिवण उसवली, सोळा-सोळा पानांचे नऊ भाग वेगळे केले आणि प्रत्येकाला कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्याचं वेष्टन घालून पुन्हा टाके मारले. पहिला भाग मांजरपाटाचा, दुसरा खाकी, तिसरा चिटाचा, असं करत शेवटचा हिरव्या खणाचा. बाजाराच्या दिवशी मामा मशीन गाडीत घालून वेल्ह्याला जात, तेव्हा हे भागही बरोबर जात आणि तिथून गावोगाव फिरत. पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारत, "चिटाचा ऐकला का गं?"

एका मास्तरांनी त्यांना सुनावलं, "चांगलं पुस्तक फाडलंत तुम्ही."

मामा म्हणाले, "फाडलं न्हाई मास्तर, उसवलं. आख्खं ऱ्हायलं आसतं तर एका घरात फळीवर बसलं आसतं. आता नऊ घरांत हाय."

भाग घ्यायला पैसा पडत नसे, पण मामांचा एक भाव होता. हातातला भाग आधी एका अशा माणसाला ऐकवायचा, ज्यानं तो ऐकलेला नाही. मगच पुढचा मिळे. मी मराठी चौथी झालेला. बोटानं ओळ धरून चिटाचा भाग वाचला आणि मामांपुढं उभा राहिलो.

"कुणाला ऐकवलास?"

"ऐकवला एकाला. कापूरहोळपास्नं येताना."

"कोण त्यो?"

मामांनी सुई थांबवली. "म्हादबा, बैलाला ऐकवलास न्हवं?"

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, पण चष्म्यावरून ते असे बघत की जीभ अडे. "व्हय," मी म्हणालो.

"मग बैल काय म्हनला? म्होरं काय झालं, आसं इचारलं का त्यानं? न्हाई? मंग न्हाई ऐकवलास."

रागारागानं मी गेलो आणि वरच्या अंगाला धनगरवाड्यावर सोनाबाई म्हणून एक बाई होती, तिला तो भाग वाचून दाखवला. बाई लोकर पिंजत ऐकत होती. मधेच म्हणाली, "त्याची आय कुठं हाय? ल्योक आसा जिवावर उदार झालाय, आन् आय काय म्हनती?" परत आलो, सगळा भाग दोनदा चाळला, आई कुठंच नाही. मामांना विचारलं, तर ते लहान पोरासारखे खूश झाले. "सांग तिला, पुस्तकात न्हाई. लिवनाऱ्याच्या ध्येनात आलं न्हाई ते तिच्या आलं." आणि चौथा भाग माझ्या हातात ठेवला.

असे आठ भाग मी फेडले. ऐकणारे मिळवायला भोंगवलीपासून वेल्ह्यापर्यंत हिंडलो. लोक मला बघून रस्ता बदलत असत, कारण मी आलो की बैल खपवणार. आता ते विचारायला लागले, "म्हादबा, कितवा आनलाय?" हे मला आवडत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आठवा भाग भरल्या पुरात, नदीच्या काठावर येऊन संपत होता. जासूद पाण्यात घोडं घालतो आणि पान संपतं. मी मामांकडं हात पसरला. "खणाचा द्या."

"खणाचा गुंजवण्याला गेलाय. तुझ्या भावाकडं."

माझ्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. हे सांगायला हवं: थोरल्या भावाशी, दादाशी, मी सात वर्षं बोललेलो नव्हतो. आमचे वडील, आण्णा, वारले तेव्हा मी बाजाराला बाहेर होतो. निरोप मिळाल्यावर पळत सुटलो, पण नद्या चढलेल्या. तिसऱ्या प्रहरी गुंजवण्याला पोचलो तर चितेची राख झाली होती. दादा माझ्यासाठी थांबला नव्हता. त्या दिवशी मी त्याच्या अंगावर धावून गेलो, वाटेल ते बोललो, आणि पुन्हा त्या गावाचं पाणी तोंडाला लावलं नाही. हे सगळं मामांना ठाऊक होतं.

"दादाला अक्षर वाचता येत न्हाई," मी ओरडलो. "त्याला काय चूल पेटवायला दिलाय?"

"त्याला वाचता येत न्हाई, तुला दम निघत न्हाई. जा, त्यालाच वाचून दाव. दोघं मिळून एक शाणा मानूस हुतोय."

"दुसरा सौदा बोला, मामा." मी अंगावरचं उपरणं काढलं, ते दोघांच्या हातांवर टाकलं आणि बोटं दाबली. गावातली आणखी दहा माणसं, वाडीवरची पोरं, सगळ्यांना ऐकवतो, असं तोंडानंही सांगितलं. मामांनी एकही बोट दाबलं नाही. माझा पंजा नुसता धरून ठेवला, ऊन हाताच्या माणसानं आजाऱ्याचा धरावा तसा. मी हात हिसडला, त्यांनीच शिवलेली बंडी अंगातून काढून त्यांच्या मशीनवर फेकली आणि उघड्या अंगानं पेठेतून निघालो.

दीड वर्ष मी अडून राहिलो. पुण्याला गेलो की पुस्तकांची दुकानं पालथी घाली. दुकानदार विचारी, "नाव काय पुस्तकाचं?" नाव नाही. "लेखक कोण?" ठाऊक नाही. "मग पाहिजे काय तुम्हाला?" मी म्हणे, "घोडं पाण्यात घातलं, ते बाहेर आलं का, एवढं सांगा." लोक हसत. मामांच्या ओट्यावरून जाताना मी मान वळवून जाई. ते हाक मारत, "म्हादबा, बंडी घेऊन जा रं, थंडी पडली." मी थांबलो नाही. ते मात्र मला अजून आत टोचतं.

वेल्ह्याच्या बाजारात एक दिवस मामांची जागा रिकामी दिसली. शेजारच्या कासारानं सांगितलं, चार दिवस ताप होता, गेले. मी सौद्यात होतो. बैलवाला बोटं दाबत होता आणि मला ती मोजता येईनात. सौदा मोडायलाही समोर माणूस लागतो; माझा माणूसच उठून गेला होता. मी हात काढून घेतला आणि तसाच गुंजवण्याची वाट धरली.

दादा खळ्यावर भात झोडत होता. मला बघून पेंढी खाली ठेवली. केस पांढरे झालेले. घरात गेला आणि हिरव्या खणात शिवलेला भाग घेऊन आला. वर धूळ नव्हती.

"शिंपीमामा गेले," मी म्हणालो.

"कळलं." पेंढ्याकडं हात करून म्हणाला, "बस."

"तू ऐकला आसशील आतापातूर."

"कोनाकडनं? मास्तर म्हनत हुते वाचून दावतो. पाव्हनं म्हनत हुते. गावातली पोरं तर रोज येत्यात. म्या म्हनलं, न्हाई." त्यानं हातातलं भाताचं कूस झटकलं. "त्या वक्ताला म्या थांबलो न्हाई, म्हादू. पानी उतरंना, गाववाले आइकंनात. ह्या वक्ताला थांबलो."

मी पहिल्या ओळीवर बोट धरलं आणि वाचायला लागलो. दादा पेंढ्यावर मांडी घालून बसला होता. ऊन कलेपर्यंत मी सोळा पानं वाचली. घोडं पाण्याबाहेर आलं, जासूद आला नाही. खलिता घोड्याच्या खोगिराला बांधलेला होता, तो पोचला.

दादा म्हणाला, "आता पयल्यापास्नं वाच."

"म्हंजी? आधीचे तू ऐकलेस न्हवं?"

"बायकांच्या तोंडून ऐकलेत. कुनी काय घातलंय, कुनी काय गाळलंय, देवाला ठावं. दर बाजाराला एक भाग घेऊन ये. घाई न्हाई."

पुढचे आठ बाजार मी तेच केलं. पहिला मांजरपाटाचा भाग आणायला मी मामांच्या घरी गेलो, तेव्हा मामींनी भागाबरोबर एक गाठोडं पुढं केलं. त्यात माझी बंडी होती, धुऊन घडी घातलेली. मी पंजा उघडून पाचही बोटं मोजली, आणि त्या दिवशी उपरण्याखाली एकही बोट न दाबता मामांनी मला भाव न करताच आख्खा घेतला होता, ते तेव्हा कळलं.