अर्जात रडायचं न्हाय

पोरानं लिहून आणलेला नोकरीचा अर्ज भाऊसाहेब आधी वाचायचे, मग टेबलाच्या कडेबाहेर धरून धुतलेलं धोतर पिळावं तसा पिळायचे आणि खाली फरशीकडे बोट दाखवायचे. "बघ, किती पाणी गळालं! अर्जात रडायचं न्हाय!"

पोरगं बिचारं खरंच फरशीकडे बघायचं.

भाऊसाहेब आमच्या हायस्कूलचे कारकून. त्याआधी संस्थान होतं तेव्हा दरबारच्या एका कचेरीत आलेले अर्ज वाचून साहेबापुढं ठेवण्याजोगे निवडणं हे त्यांचं काम होतं. संस्थान विलीन झालं, कचेऱ्या मोडल्या, आणि भाऊसाहेब फेटा, बंद गळ्याचा कोट आणि तपकिरीची डबी यांच्यासकट आमच्या शाळेत येऊन बसले. मॅट्रिकचा दाखला त्यांच्या हातून मिळायचा, आणि "पुढं काय करणार?" याचं उत्तर दिल्याशिवाय ते दाखला सोडायचे नाहीत. नोकरी म्हटलं की अर्ज दाखवावा लागे.

त्या काळचे अर्ज तुमच्यापैकी कुणी पाहिले असतील तर तुम्हाला ठाऊक असेल. सुरुवात साहेबाच्या चरणांपासून. मग घरची गरिबी, मग आईचं दुखणं, मग पाठची भावंडं, आणि शेवटी साहेबाच्या मुलाबाळांना उदंड आयुष्य. आपल्याला काय येतं हे लिहायला कागदच उरायचा नाही. घरातल्या थोरल्यानं लिहिलेला अर्ज धाकट्यानं उतरवायचा, अशी रीतच होती. एकानं चुलतभावाचा अर्ज जसाच्या तसा उतरवला आणि त्या भरात आपल्या धडधाकट वडिलांना मारून टाकलं. वडील तेव्हा शाळेच्या फाटकात सायकलला टेकून उभे होते. भाऊसाहेबांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा. तुमाला जाऊन दोन वर्सं झाली म्हनं!"

"वीस वर्सं मी लोकांची रडगाणी वाचलीयात," ते सांगायचे. "समदीच गरीब, समद्यांचीच आई आजारी. साहेबानं निवडायचं कुनाला? तू काय करतोस ते लिव्ह की!"

एक मुलगा म्हणाला, "काय न्हाय करत."

"सकाळी उठून काय करतोस?"

"म्हशीच्या धारा काढतो. मग पेठेत घरोघर दूध घालतो."

भाऊसाहेबांनी लगेच सांगितलं, लिही, 'रोज पहाटे सर्व पेठेत वेळेवर दूध पोचवितो. आजवर एकाही घराची तक्रार नाही.' मुलगा चुळबुळायला लागला. "एक हाय की. कोपऱ्यावरची काकू म्हनती, पानी घालतोस."

"घालतोस?"

"उन्हाळ्यात. थोडं."

"मग तक्रारीचं वाक्य खोड. खोटं बी लिवायचं न्हाय." वाक्य गेलं, पहाट राहिली, आणि तो मुलगा पोस्टात लागला.

भाऊसाहेबांचा अंदाज चुकायचा नाही असं मात्र मुळीच नाही. तालमीतल्या एका पोराला त्यांनी फारच चेव आणला. त्यानं अर्जात आपण चितपट केलेल्या पैलवानांची नावं गावांसकट घातली. त्यातला एक निघाला नेमका त्या कचेरीतल्या साहेबाचा सख्खा मेहुणा. नोकरी गेली ती गेलीच, पोरगं आठ दिवस त्या रस्त्यानं फिरकलं नाही. तेव्हापासून भाऊसाहेबांचा नवा नियम झाला: "कुस्ती लिवायची, पडलेल्याचं नाव लिवायचं न्हाय."

नेमणुकीचा कागद आला की तो आधी त्यांना दाखवायचा आणि मग अंबाबाईला, असा त्यांचा हुकूम होता. "देवी लांबची मानसं बी बघती. तिला सवड नस्ती," म्हणायचे.

आता माझं सांगते. मी मॅट्रिक झाले आणि घरात नेसरीचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं. जमीन, दुकान, चौसोपी घर. पण मला बघायला आल्यावर नवऱ्या मुलानं माझे मार्क विचारले आणि ऐकून हसला. "आता ह्यो अभ्यास काय पोळ्या लाटायला?" म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांपुढं, म्हणजे आबांपुढं, मी रडले, भांडले, दोन वेळा जेवले नाही. शेवटी आबा म्हणाले, "दसऱ्यापातुर नोकरी लागली तर ठीक. न्हाईतर गुमान नेसरी." गल्लीत तोवर एकही मुलगी नोकरीला गेलेली नव्हती, तेव्हा आपण काही हरत नाही याची आबांना खात्री होती.

सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायला माणूस हवा होता. मी अर्ज लिहिला आणि भाऊसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी तो असा पिळला की कागद फाटला.

"काय येतं तुला?"

"काय न्हाय."

"गल्लीत नळावर कोन असतं?"

नळावर मीच असायची. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, सगळ्या गल्लीच्या घागरी, आणि प्रत्येकीला घाई. कुणाची घागर कुणामागं, कुणाकडं आजारी माणूस आहे, कोण मध्येच घुसते, हे मी बघायची. आई मला 'नळावरची फौजदारीण' म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

भाऊसाहेबांनी तेच लिहायला लावलं: 'गल्लीतील सार्वजनिक नळावर तीन वर्षे सर्वांचे नंबर लावून पाणी वाटले.' वर नाव, शिक्षण, खाली सही. अर्धं पान.

घरी आबांनी तो वाचला आणि कपाळावर हात मारला. "पोरीच्या अर्जात नळ? अगं, साहेब काय म्हनंल?" आईला तर आता नेसरीकरही नाही म्हणतील अशी धास्ती पडली. खरं सांगायचं तर मलाही घाम फुटला होता. दसरा तोंडावर होता आणि माझ्या हातात होता एक नळ.

मुलाखतीला डॉक्टरसाहेब परगावचे होते. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला. "नळावर भांडणं होत नव्हती?"

"व्हायची की," मी म्हटलं. "पण भांडान चालू ऱ्हायचं आनि घागरी बी भरत ऱ्हायच्या."

बाहेर केसपेपरच्या खिडकीवर तेव्हा नुसता कल्ला चालला होता. साहेबांनी तिकडं कान दिला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून या."

नेसरीला नकार आबांनीच कळवला. "पोरगी सरकारी नोकरीत हाय," असं ते पुढं वर्षभर न विचारणाऱ्यालाही सांगत होते. लग्न मी नंतर केलं, माझ्या मनासारखं.

पाच-सहा वर्षांनी एका सकाळी खिडकीवर निरोप आला की भाऊसाहेब गेले. समोरच्या माणसाचं नाव मला लिहिता येईना. मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडं गेले. रजा फक्त नात्यातल्या माणसासाठी मिळायची.

"तुमचे कोण?"

काय सांगणार? शाळेचे कारकून म्हटलं असतं तर रजा मिळाली नसती, आणि खोटं नातं लावायला जीभ वळेना. मी खरं तेच सांगितलं. "त्यांनी माझं ठरत आलेलं लग्न मोडलं."

साहेबांनी त्याचा काय अर्थ घेतला देव जाणे. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी मुकाट्यानं सही केली.

कंपाउंडरला खिडकीवर बसवून मी निघाले, तर रांगेतला एक खेडूत पुढं आला. उन्हातान्हात चालून वैतागलेला.

"बाई, सकाळी पोस्टात गेलतो, तितला कारकून न्हाय. म्हनून कचेरीत गेलतो, तितला बी न्हाय. यष्टीच्या खिडकीवरचा बी उटून गेलाय. आता तुमी बी निघालासा! कोन मेलंय का काय गावात?"

"व्हय," मी म्हटलं.