नानांची पळती केळीची बाग

आधी चहा ओता. माझी ही फजिती कोरड्या घशानं सांगवत नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि दिवसाढवळ्या स्वप्नं बघायचो. एक स्वप्न हेल्मेटचं. डोक्यावर चढवलं की डोळ्यांपुढच्या पडद्यावर केळीची बाग! मान वळवाल तिकडची झाडं दिसणार, पानांतून मऊ ऊन झिरपणार. दुसरं स्वप्न शेजारच्याच टेबलापाशी बसायचं. शारदा मॅडम.

आता डोकं कुठे वळलं, हे कॉम्प्युटरला कळायला हवं ना? आधी मी आवाज वापरला. हेल्मेटवर माणसाला ऐकू न येणारी शिट्टी, भिंतीवर ती टिपणारे कान, म्हणजे माइक. झकास चाललं! पण मॅडमच्या बांगड्या किणकिणल्या की त्यातही तसलेच न ऐकू येणारे सूर असायचे; ते कान गोंधळायचे आणि बाग थरथरायची.

"सर, मी बांगड्या काढून ठेवते," त्या म्हणाल्या.

छे! त्या किणकिणीवर तर मी जगत होतो. मी शिट्टीच काढली आणि चुंबकाची पद्धत बसवली. काचेच्या बांगड्यांचं चुंबकाला काय?

मग धीर करून चाळीसगावला नानांना, म्हणजे मॅडमच्या वडिलांना, फोनवर लग्नाचं विचारलं.

"पहिले तुनं काम दखाड," नाना म्हणाले. "मी दुकान बंद करत नही. आठेच लई ये!"

जीप करून सगळं सामान नेलं. दुकानात मला दिसल्या फक्त मॅडम, हिरव्या साडीतल्या. तरंगतच मी नानांना हेल्मेट चढवलं.

"अरे, मी उभा शे, आनी बठ्ठी बाग पयी राह्यनी!"

पळत्या बागेत तोल जाऊन नाना आधाराला फळी धरायला गेले, हाती आली पातेल्यांची चळत. धडाडधूम!

तेव्हा कुठे मी वर पाहिलं. दुकान कसलं? भांड्यांचं! जमिनीपासून छतापर्यंत हंडे, घागरी, पराती. धातूजवळ चुंबकाचं गणित कोलमडतं, हा धडा मी दरवर्षी शिकवायचो हो! लग्न गेलं, असंच वाटलं.

नानांनी हेल्मेट काढलं. "ज्याले आठे भांडा दिसनात नही, तो संसारमा काय देखी?"

"नाना," मॅडम हळूच म्हणाल्या, "त्यांना मी दिसत होते."

नाना हसले. लग्न झालं. रुखवतात अर्धं दुकान आलं.

आता घरात बांगड्याही आणि भांडीही. दोन्ही पद्धती बंद! माझं डोकं नेमकं कुठे आहे, ते फक्त स्वयंपाकघराच्या ठेंगण्या चौकटीला कळतं. अजूनही किणकिण ऐकली की मी मॅडमकडे बघत तरंगत निघतो.

हे टेंगूळ दिसतंय ना? आज सकाळचंच!