तिसऱ्या पिशवीचं वळण

तिसऱ्या फेरीला गाडी पुन्हा पडली. त्याच वळणावर, बोगद्याच्या अलीकडे. इंजिन बोगद्यात गेलं, पहिला डबा गेला, दुसऱ्याने रूळ सोडला आणि मागचे दोन त्याच्यावर जाऊन आडवे झाले. टेबलाभोवती उभ्या असलेल्या नऊ बायका एकदम "अगं बाय!" म्हणाल्या, जणू आत खरीच माणसं बसली होती.

मी डबे उचलून रुळावर ठेवले आणि पुन्हा बटण दाबलं. सोमवार होता. गुरुवारी मुंबईहून मेनन साहेब येणार होते. त्यांना शंभर फेऱ्या हव्या होत्या, एकदाही न पडता.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिकचा कारखाना होता. बादल्या, टब, बाटल्यांची झाकणं. मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट काढायचा पगार घेणारी बाई. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. शेठनी त्या वर्षी नवं काम धरलं होतं: मुलांचे ठोकळे. एकावर एक दाबले की खट्कन बसणारे. त्या ठोकळ्यांची आगगाडी करायची. डबे ठोकळ्यांचे, स्टेशन ठोकळ्यांचं, रूळसुद्धा तुकडे जोडून करायचे. मोटर आणि बॅटरी तेवढी बाहेरून. मेनन साहेबांची कंपनी हा संच दुकानांत विकणार होती.

बादल्या भरायला माणसं लागत नाहीत, ठोकळ्यांना लागतात. म्हणून पॅकिंगसाठी वैशाखरे, धसई आणि आसपासच्या गावांतल्या नऊ बायका घेतल्या होत्या. भात कापून झालं की पुढे हाताला काम नाही, अशा. वर्क्स मॅनेजर नाडकर्णी साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं होतं, "मेनननी पास केलं तर हे टेबल कायम. नापास केलं तर टेबलही नाही आणि तुम्हीही नाही."

मेननना दाखवायला दोन प्लायवूड जोडून मोठं टेबल केलं आणि त्यावर बायकांनी आठ दिवसांत एक मुलूख उभा केला. हिरव्या ठोकळ्यांचा माळशेज घाट, त्यात बोगदा, खाली निळी नदी, तिच्यावर पूल. स्टेशनाला नाव कुठलं द्यायचं यावर धसई आणि वैशाखरे यांचं दीड दिवस भांडण चाललं. शेवटी वैतागून मीच 'मुरबाड' अशी पाटी लावली. मुरबाडला रेल्वे येणार हे आमच्याकडे लोक आजोबांच्या वेळेपासून ऐकत आलेत. आली ती आमच्या टेबलावर, आणि तीही धड चालेना.

काही अडलं की मला एका जागी बसवत नाही. मी टेबलाला प्रदक्षिणा घालायला लागले. स्पिरिट लेव्हल ठेवली, टेबल सपाट होतं. डब्यांची चाकं काढून गेज मोजलं. गेज म्हणजे दोन चाकांमधलं अंतर. तेही बरोबर. उतरलेल्या बॅटऱ्या घालून गाडी हळू केली, तरी पडली. उलटी चालवली, तरी त्याच वळणावर पडली. म्हणजे खोट गाडीत नव्हती, रुळात होती.

इथे मी माझाच जुना रिपोर्ट काढून बघितला. कारण वळणाचे तुकडे मी स्वतः मोजून पास केले होते. ड्रॉइंगमधल्या मापाला थोडी सूट असते, इतकं कमी-जास्त चालेल म्हणून. तिला टॉलरन्स म्हणतात. एकही तुकडा त्या सुटीच्या बाहेर नव्हता. रिपोर्टवर माझी सही होती.

"तुकडे बरोबर, गाडी बरोबर, टेबल बरोबर," नाडकर्णी म्हणाले. "मग पडते कशी? भूत आहे का बोगद्यात?"

"बघते आहे, सर."

"बायकांना नीट जोडता येत नसेल."

यावर हिराबाई पुढे आली. वैशाखऱ्याची, पन्नाशीची, टेबलावरची सगळ्यात जुनी. ती म्हणाली, "सायब, आमी जोडलेला सुटत नाय. वढून बघा." नाडकर्णींनी एक सांधा ओढून बघितला. सुटला नाही. ते केबिनमध्ये गेले.

मंगळवारी सकाळी बायकांनी ते वळण काढून पुन्हा घातलं. पाचव्या फेरीला गाडी पडली. दुपारी माझा संयम संपला. मी चारही वळणं उखडली. ओढणीच्या झोळीत तुकडे घेऊन वळले आणि झोळी सुटली. सगळा माल फरशीवर. मग जे हाताला लागतील ते तुकडे उचलत मीच चारही वळणं नव्याने जोडली आणि बटण दाबलं.

दहा फेऱ्या झाल्या. वीस. चाळीस. चहा आला आणि गार झाला. मी उभीच. शंभर फेऱ्या झाल्या, गाडी पडली नाही.

नाडकर्णी खूश झाले. "झालं ना? आता कुणी हात लावू नका."

मला मात्र आणखीच अस्वस्थ वाटायला लागलं. मी काही दुरुस्तच केलं नव्हतं, तर दुरुस्त झालं काय? कारण न कळता जाणारा दोष कारण न कळता परत येतो.

आला. बुधवारी सकाळी बटण दाबलं आणि चौथ्या फेरीला गाडी बोगद्याच्या तोंडाशी आडवी.

मी ओरडलेच. "काल मी गेल्यावर हात कुणी लावला?"

"मी," हिराबाई शांतपणे म्हणाली. "तुमी सगळ्या मालाची खिचडी केलीवती. मी परत नीट लावला."

"नीट म्हणजे कसा?"

तिने एक तुकडा काढून उलटा केला आणि खालचा बारीक आकडा माझ्या नाकासमोर धरला. "तुमीच सांगितलावता, नंबर मिसळायचे नाय म्हणून."

सांगितलं होतं खरं. आमच्या साच्यात चार खळगे होते. त्यांना कॅव्हिटी म्हणतात. प्लास्टिक आत गेलं की एका वेळी चार तुकडे बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या पोटावर आपल्या खळग्याचा नंबर उमटतो. तपासायला मला सोपं जावं म्हणून मी हुकूम सोडला होता की नंबराप्रमाणे माल वेगळा ठेवा. टेबलासाठीही चार नंबरांच्या चार पिशव्या दिल्या होत्या. टेबलाला वळणं चार, एका वळणाला तुकडे आठ. बायकांनी स्टेशनापासून सुरुवात करून पहिली पिशवी पहिल्या वळणाला लावली, दुसरी दुसऱ्याला. बोगद्यापाशी येत होती तिसरी.

"पण एका वळणाला एकाच पिशवीतले का?" मी विचारलं.

हिराबाईने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आवणी केलीव का कदी? हातातली मूठ संपल्याबिगर दुसरी सोडायची नाय. दोन जातीचा रोप एका खाचरात गेला तर एक पिकून झोपतो नि दुसरा हिरवाच उभा ऱ्हातो."

मी शहापूर गावठाणातली, कारकुनाची मुलगी. आवणी, म्हणजे भाताची लावणी, एसटीच्या खिडकीतून पाहिलेली.

कागदावर काटकोन आखला आणि तीन नंबरचे आठ तुकडे जोडून त्यावर ठेवले. शेवटचा तुकडा रेघेच्या अर्धं बोट आत गेला. प्रत्येक तुकडा केसभरच जास्त वळलेला, टॉलरन्सच्या आत, माझ्या सहीच्या आत. पण आठ केस एका बाजूला साचले. बायकांनी ते वळण जोर लावून बसवलं होतं, त्यामुळे एका सांध्याला ताण येऊन तिथे चाक रुळावर चढत होतं. इतर नंबरांत मिसळले की दोष विखरून जायचा. वर्गात एक वांड पोरगं चालतं, सगळी वांडं एका बाकावर बसली की बाक मोडतो, तसं.

हे एवढ्यावर थांबत नव्हतं. खोकी भरणाऱ्या बायका याच होत्या आणि पद्धतही हीच. एक क्रेट संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. एका खोक्यात वळणाचे बत्तीस तुकडे, पूर्ण गोल होईल इतके. म्हणजे काही खोकी नुसत्या तीन नंबरची भरली जाणार होती.

मी नाडकर्णींच्या केबिनमध्ये गेले.

"मग मिसळून भरा," ते म्हणाले. "प्रत्येक नंबरचे आठ-आठ."

"मुलं काय खालचा नंबर वाचून जोडणार आहेत? मी तीन नंबरचे चार सलग लावून पाहिले. साठाव्या फेरीला पडली."

"मग?"

"तिसरा खळगा वाकडा आहे. तो भाग दुरुस्तीला पाठवायचा, तिथे बूच मारायचं आणि उरलेल्या तीन खळग्यांवर साचा चालवायचा."

"म्हणजे माल पाऊणच. मेननला पाऊण चालेल?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या टेबलावर मिसळून लावा. ते गेले की बघू. आणि बायकांना यातलं काही बोलू नका, उगाच घाबरतील."

मी हो म्हटलं. मला त्या नऊ जणींची काळजी होती हे खरं. पण माझी सही चुकली हे चारचौघांत कळू नये असंही वाटत होतं, तेही खरंच. घरी जाताना सरळगावच्या पुढे एसटीने एकेक वळण घेतलं की मी पुढचं सीट घट्ट धरत होते. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "मलमलतंय का बाय?" मी मान हलवली. काहीतरी सांगायला हवं म्हणून.

गुरुवारी मेनन आले. नीट माणूस, आवाज न चढवणारा. बायकांनी चांगली लुगडी नेसली होती, गजरे माळले होते. मी आधीच मिसळून वळणं घातली होती. हिराबाईला ते पटलं नव्हतं, पण पाहुण्यांसमोर ती बोलली नाही. गाडी सुटली. मेनन हाताची घडी घालून बघत राहिले. मी टेबलाभोवती फिरत होते, कुणाला वाटलं असेल फार उत्साही बाई आहे. शंभरावी फेरी झाली तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"वेरी गुड," मेनन म्हणाले आणि ट्रायल रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुमी साइन करा, मग मी करतो."

मी पेन उघडलं. खरं सांगते, अर्धं आडनाव लिहून झालं होतं. मी पेन मिटलं.

"सर, हे टेबल पास आहे. माल पास नाही," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. तीन नंबरचं वळण जोडून गाडी पाडूनही दाखवली.

नाडकर्णींचा चेहरा उतरला. मेननांनी तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "बाकीच्या तीनवर चालवा," ते म्हणाले. "नंबर तीन ठीक झाला की मला कळवा. तोपर्यंत ऑर्डर पण तेवढीच." टेबल वाचलं होतं. मला हसूच येणार होतं, तेवढ्यात हिराबाईचा आवाज आला.

"मॅडम, आमाला आदी सांगितला असता तर?"

मी टेबलावरचे तीन नंबरचे तुकडे गोळा करायला लागले.

मेननांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर नाडकर्णींनी मला बोलावलं. "माल पाऊण, तर नऊ बायका कशाला? सहा पुरतील. तीन नावं तुम्ही द्या. बोललात तुम्ही, आता लिहा तुम्हीच."

ती यादी मी लिहिली. सगळ्यात शेवटी कामाला लागलेल्या तिघी. दुसरा कुठलाही नियम मला सुचला नाही. तिघींत हिराबाईची सून कमल होती. हिराबाई कामावर येत राहिली, एक खोकं चुकवलं नाही, पण माझ्याशी बोलणं बंद. नंबर मोठ्याने वाचायची, क्रेट सरकवायची, बस. मला राग आला असता तर बरं झालं असतं. लाज वाटत होती, आणि लाजेला करायला काही काम नसतं.

सहा आठवड्यांनी दुरुस्त झालेला भाग परत आला. मी तीन नंबरचे तुकडे मोजायला घेतले. तेवढ्यात हिराबाईने, मला न विचारता, त्यातले बत्तीस उचलले आणि पॅकिंग टेबलावर नुसत्या तीन नंबरचा पूर्ण गोल जोडला. गाडी ठेवली, बटण दाबलं. जेवणाची सुट्टी झाली. बाकीच्या भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या, ती उभीच. पलीकडे मीही उभी. आम्ही दोघी तोंडातल्या तोंडात फेऱ्या मोजत होतो.

शंभर झाल्यावर तिने गाडी थांबवली. "नाय पडली. आता कर सही," ती म्हणाली. "कमलला निरोप मी देते."

मी सही केली. बाकीच्या दोघींपैकी एक परत आली, दुसरीने तोवर वीटभट्टीचं काम धरलं होतं.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी दोन नियम पाळले. एक तुकडा बरोबर आहे म्हणून सही करायची नाही, बत्तीस जोडून बघायचे. आणि आपल्या सहीवर ज्यांची चूल पेटते त्यांना आधी सांगायचं, साहेबाला नंतर. पहिला नियम आमच्या क्वालिटी मॅन्युअलमध्ये घातला. दुसरा घालायला गेले तर नाडकर्णींनी खोडला.