येळवसला घरात बसलेला माणूस

"करोना नाही काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात मी उभ्या उभ्या दोन्ही हात जोडले. त्यांनी मास्कवरून माझ्याकडं नीट पाहिलं. "थांबा, एवढ्यात खूश होऊ नका. टीबी आहे."

तरी मी खूशच होतो. त्या दिवसांत करोना सोडून काहीही चालेल अशी माणसाची गत झाली होती. घरी पोचेपर्यंत मात्र आठवलं की आमचा थोरला चुलता याच दुखण्यानं गेला होता.

महिनाभर संध्याकाळी कणकण यायची. विजार कमरेवर ठरत नव्हती. माझं हायवेलगत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे, मागच्याच खोलीत आम्ही राहतो. खोकला त्या धुळीचाच, असं मी स्वतःला समजावत होतो. पण तेव्हा नुसतं खाकरलं तरी गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडं जायचं. शेवटी गेलो. एक्स-रे झाला. थुंकी धाराशिवला पाठवली, सीबीनॅट तपासणीसाठी. हे मशीन थुंकीतला टीबीचा जंतू शोधतं आणि तो औषधाला दाद देणारा आहे का, तेही सांगतं. माझा दाद देणारा निघाला. एवढंच नशीब.

"सहा महिने रोज गोळ्या," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "आणि डॉट्स. म्हणजे तुम्ही गोळी गिळताना कुणीतरी समोर बसून बघायचं. घरी कोण असतं?"

घरी कोणी नव्हतं. माझी बायको शोभा लेकीच्या, अश्विनीच्या, बाळंतपणाला मेलबर्नला गेली होती. जाताना डिंक, खारीक, बाळंतशोपा असं सगळं बांधून नेलं. नातवाचं बारसं करून परत येणार होती, तोवर विमानं बंद झाली. एकदा तिकीट मिळालं, रद्द झालं. पुन्हा मिळालं, तेही रद्द झालं. तिकडं ती दोन खोल्यांत कोंडलेली आणि इकडं मी एका.

"शेजारी आहेत," मी म्हणालो.

शेजारी म्हणजे रशीदभाई, टायरवाले. रोज खिडकीत जेवणाचा डबा ठेवून लांबूनच विचारायचे, "भाऊ, गोळ्या खाल्ल्या का?" आणि मी सांगेन ते खरं मानायचे. ते स्वतः कधी खोटं बोलत नाहीत, हीच त्यांची अडचण.

शोभाला मी कळू दिलं नाही. आमच्याकडं बाळंतिणीच्या कानावर वाईट बातमी घालत नाहीत, दूध आटतं म्हणतात. लेकरू अंगावर पीत होतं. शोभाला सांगितलं असतं तर तिच्या तोंडावर दिसलं असतं, आणि दोन खोल्यांत ती तोंड लपवणार कुठं? म्हणून व्हिडिओ कॉलवर खोकला आला की मी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवायचो, आवाज बंद करायचो आणि मागाहून म्हणायचो, रेंज गेली. हायवेला लागून टॉवर असताना रेंज जाते कशी, असं जावई विचारायचे. माणूस हुशार आहे.

ज्यांना हे औषध सुरू होईल त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या दिवशी लघवी लालसर-केशरी झाली आणि मी रक्तच समजलो. तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग असतो, त्याला भ्यायचं कारण नाही. मळमळीला मात्र मी भ्यायला लागलो. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या, मग दुपारपर्यंत पोटात ढवळत राहायचं. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण जायचं म्हणजे पुन्हा ती रांग आणि पुन्हा लोकांच्या त्या नजरा.

त्या खोलीत दिवस सरत नसे. ट्रक येत-जात होते, मीच तेवढा जागेवर. दोनेक महिन्यांत ताप गेला, खोकला उतरला. एका सकाळी वाटलं, आज नको. दुसऱ्या सकाळीही तसंच वाटलं. मग गोळ्या मी दुकानातल्या सुयांच्या डब्यात टाकू लागलो. रशीदभाईंनी विचारलं की "खाल्ल्या" म्हणायचो. ताप परत आला तेव्हा थंडीनं आला असेल म्हणून गोधडी ओढून घेतली.

अशात येळवस आली. वेळ अमावास्या हो. त्या दिवशी आमच्या भागात गावंच्या गावं ओस पडतात. जो तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, त्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आंबील प्यायची, भज्जी-उंडे खायचे. वाटसरूलासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं. जन्मल्यापासून माझी एकही येळवस चुकली नव्हती. या खेपेला अंगात ताप होता. धाकटा भाऊ न्यायला आला, त्याला दारातूनच सांगितलं की दुकानात काम आहे. येळवसला दुकान. त्यालाही ते पटलं नाही, पण मी मोठा भाऊ पडलो.

दुपारी शोभाचा फोन आला. नातवाला पांडव दाखवायचे म्हणून ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या मागं तिला कोप दिसली नाही, भिंत दिसली.

"कुठं हाव तुमी?"

"घरी. जरा काम होतं."

मला खोकल्याची उबळ आली. मी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला, तेवढ्यात ती म्हणाली, "अंगठा काढा. येळवसला घरात बसलेला माणूस म्या जल्मात बघितला न्हाय. काय झालंय तुमाला?"

मग मी सांगितलं. तिनं तो सुयांचा डबा दाखवायला लावला. सुयांमधल्या गोळ्या पाहून ती रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या दवाखान्यात जायचं. तितनं मला फोन लावायचा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर मी फोन धरून उभा राहिलो. त्या चिडल्या. "मधेच सोडलं की जंतू औषधाला सरावतो. त्याला ड्रग रेझिस्टन्स म्हणतात. मग या गोळ्या चालत नाहीत. जड औषधं लागतात, आणि त्यांनीही माणूस वाचेलच असं नाही."

पुन्हा थुंकी दिली. निकाल येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मेलो तर शोभाला माती द्यायलाही येता येणार नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. जंतू अजून दाद देणारा होता. पण खंड पडल्यामुळं कोर्स लांबला. मळमळीवरची गोळीही मिळाली, नुसतं विचारल्यावर. डॉक्टरीणबाई फोनकडं वळून म्हणाल्या, "काकू, आता तुम्हीच डॉट्स."

शोभानं त्याच दिवशी अश्विनीला सांगितलं. पोर लई रडली. दूध काही आटलं नाही.

तेव्हापासून माझी सकाळ, त्यांची दुपार. मी गोळ्या गिळायचो आणि शोभा म्हणायची, "आ करा. जीभ वर." नातू तिच्या मांडीवर बसून आ करायचा. पुढं पुढं तो फोनवर कोणीही दिसलं तरी आ करायला लागला. मी त्याच खोलीत होतो, ती त्याच दोन खोल्यांत होती. दार दोघांचंही उघडलं नव्हतं. पण दिवसातून एकदा माझ्या घशाखाली काय उतरतं याची कोणाला तरी पडलेली होती. टीबी झालेल्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे: गोळी एकट्यानं घेऊ नका.

मी बरा झालो. शोभाला तिकीट मिळायला त्यानंतरही बरेच दिवस गेले. हैदराबादहून गाडी करून ती आली. काय बोलायचं ते मी सकाळपासून जुळवत होतो. तिनं दारात बॅग ठेवली, मास्क काढला.

"आ करा."

"अगं, गोळ्या कवाच संपल्या."

"म्हाईत हाय. करा."

मी आ केला. तिनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं. "जीभ वर," म्हणाली, आणि तिचा आवाज कापरा झाला. मी तोंड तसंच उघडं ठेवलं. मिटलं असतं तर तिच्याआधी मीच रडलो असतो.