खोकल्यावर धुराचं औषध

सिंदेवाहीकडच्या एका खेड्यात आमची मातीची एकच खोली होती. तिथंच चूल, तिथंच धानाची कोठी, तिथंच निजणं. खिडकी नव्हती. जंगल जवळ, रात्री काय आत येईल सांगता येत नाही, म्हणून बाबांनी ठेवलीच नव्हती. आई-बाबा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबायचे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे. पावसाळ्यात ओली लाकडं पेटवता पेटवता आईचे डोळे लाल व्हायचे आणि मी त्याच धुरात अभ्यास करायची. त्या खोलीतून मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

नोकरी लागल्यावर मागे दोन पक्क्या खोल्या बांधल्या. चूल मात्र जुन्या खोलीतच राहिली, आणि आईचा खोकलाही.

गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला आई बायांच्या ओळीत मागे पडायला लागली. चार रोपं लावायची, की कमरेवर हात ठेवून धापा टाकायची. रोवणीला बाया बोलावणारी टोळीतली मोठी बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तू घरीच राह्य वं आता. तुह्यापायी आमची ओळ मोडून राह्यली."

आई त्या दिवशी जेवली नाही. आमच्याकडे रोवणीला बोलावणं बंद झालं, म्हणजे बाई संपली. "मले एकडाव तरी त्या ओळीत जाऊ दे," एवढंच ती म्हणाली.

मी तिला चंद्रपूरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिला मशीनच्या नळीत जोरानं फुंकायला लावलं आणि पडद्याकडं बघत विचारलं, "बिडी किती वर्षं ओढता, बाई?"

आई उसळलीच. "बिडी? आमी तेंदूपत्ता तोडतो डॉक्टरसाहेब, वढत नाई! माह्या माहेरी-सासरी कोण्या बाईनं बिडीले हात लावला नाई!"

"फुप्फुसं तर जुन्या बिडीवाल्यासारखी झाली आहेत."

मला घर आठवलं. आईनं बाबांना बिडीसकट अंगणात हाकललं होतं. "तुमच्या बिडीनं मले खोकला येते," म्हणायची. बाबा बाहेर मोकळ्या हवेत बसायचे, आणि आई आत चुलीपाशी.

डॉक्टरांनी पुढं विचारलं, "खोकल्यावर घरी काय करता?"

"धुरी घेतो," आई भरवशानं म्हणाली. "सांजेले दार लावतो, इंगळावर ओवा न् लसणाची सालटं टाकतो, डोक्यावरून लुगडं घेतो अन् वास आत वढतो. छाती मोकळी वाटते."

"कधीपासून?"

"खोकला हाय तवापासून. खोकला वाढला तशी मी धुरीबी वाढवली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, धुरानं झालेल्या खोकल्यावर तुम्ही धूरच पीत होता?"

 फुप्फुसांची आकृती मला डोळे मिटून काढता येते. पण आमच्या घरात धूर हा धूर नव्हताच. मच्छरांना कडुनिंबाचा धूर, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, खोकल्याला धुरी. सगळं मायेनं केलेलं. त्यातच माझी आई रोज थोडी थोडी गुदमरत होती.

"गेलं ते परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलंय ते सांभाळा."

घरी गॅस होता, पण तो फक्त पाहुण्यांच्या चहापुरता. आता रोजचा स्वयंपाक त्यावर आला. बाबा कुरकुरले, "गॅसवरचा भात दवाखान्यातल्यासारखा लागते."

"मंग तुमीच रांधा चुलीवर," आई म्हणाली. बाबांनी तोच भात संपवला. त्यांनीच पुढं आंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात नेली आणि जुन्या खोलीची भिंत फोडून खिडकी बसवली. धुरी बंद झाली, मच्छरदाणी आली. तोंडानं आत ओढायचं पंपाचं औषध आई रोज घेऊ लागली. नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठ आवळून हळूहळू सोडायचा, हेही डॉक्टरांनी शिकवलं होतं. ते करताना ती स्वतःच हसायची, "चूल गेली, आता हवाच फुंकून राह्यली मी!"

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालायचं होतं. तिथं नवीच पंचाईत झाली. "काऊन वं, रिकाम्या हातानं कुठी चालली?" शेजारीण विचारायची. नुसतं फिरायला जाते, हे सांगायची आईला लाज वाटे. मग ती काखेत टोपली घेऊन निघायची आणि रिकामीच परत आणायची. आधी अर्ध्या पाळीवर दम लागे. पुढं ती दुसऱ्या टोकाच्या आंब्यापर्यंत जाऊ लागली.

बाबांची बिडी अजून पुरती सुटलेली नाही. आईचा श्वासही पहिल्यासारखा झालेला नाही, आणि होणारही नाही. पण या पावसाळ्यात ती स्वतःहून टोळीतल्या मोठ्या बाईच्या दारात गेली, मले ओळीत घे म्हणाली, आणि सकाळची रोवणी तिनं इतर बायांच्या बरोबरीनं पूर्ण केली.