खवल्यांची गाय

माशाचा खवला नखाखाली अडकला की निघता निघत नाही. साबण लावा, राख लावा, लिंबू चोळा, तो आहे तिथेच, आणि बोट नाकाशी नेलं की शी! मला आजही नुसत्या आठवणीने मळमळतं. आम्ही चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारे लोक, आणि पन्नास सालानंतर अंधेरीत बिऱ्हाड मिळालं ते नेमकं गावठाणाच्या कडेला. मागच्या दाराला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाचं अंगण. त्यांच्या पडवीत मासे साफ व्हायला लागले की आई आमची खिडकी लावून घ्यायची आणि मी मागच्या दाराने तिकडेच पळायची.

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि तिच्यासारखी जनावरं करताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. कोलाज हा शब्द मला पुष्कळ नंतर कळला. आम्ही त्याला चिकटकाम म्हणायचो. जुन्या कॅलेंडरचे तुकडे, सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, कांद्याची सालं, कोंबडीची पिसं (तीही कशीबशी झटकलेली, ईऽऽ), सगळं एका पत्र्याच्या डब्यात कोंबलेलं. खळ मैद्याची, आणि दोन दिवसांत ती आंबून असा वास सुटायचा की विचारू नका. पेन्सिल मात्र तिला चालायची नाही. शाळेत शिकवल्याप्रमाणे मी आधी हत्ती आखायला बसले, तर तिने पुठ्ठाच उलटा केला. "ठरवू नको गं," म्हणाली. "टाकत बस. दिसेल." मग आम्ही तुकडे पुठ्ठ्यावर टाकायचो, सरकवायचो, पुन्हा टाकायचो. बराच वेळ नुसता कचरा दिसायचा. मग एखादं पीस कानासारखं उभं राहायचं, आणि कान सापडला की मागोमाग मान, पाठ, पाय, हात आपला धावत सुटायचा. घशाशी येत असायचं, तरी हात त्या घाणीतून निघायचा नाही.

गाय अशीच निघाली. तिच्या आईने जिताडा साफ केला, त्याचे अंगठ्याच्या नखाएवढे खवले हिने रिठ्याच्या पाण्यात धुतले, उन्हात वाळवले. मी आधी हातच लावेना. तिने चार टाकले, मी नाक धरून दोन टाकले, आणि एक पाठ दिसायला लागली. रुंद, पांढरी, चमचमती. शिंगं तिने केली, डोळे मी, चिंचोके फोडून. पाठ दोघींची. पुरी झाली तेव्हा आम्ही ती उन्हात धरून फिरवत राहिलो. इतकं सुंदर काही माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं.

तेवढ्यात आमच्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. आई म्हणाली, आराशीत मांडायला तुझी ती चित्रं आण. मी गाय आणली. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे! धुतलं, वाळवलं, आता तो मासा कुठला राहिला, असं मला खरोखर वाटलं होतं. मैत्रिणीला म्हटलं, "तूही ये. दोघींनी मिळून केली म्हणून मी सगळ्यांना सांगते." ती इस्त्रीचा फ्रॉक घालून, केसांना रिबन बांधून आली आणि दाराशीच उभी राहिली, कारण आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

गाय गौरीच्या पायाशी, कलिंगडाच्या कमळाशेजारी ठेवली होती. बायका आल्या आणि कौतुकाला नुसता ऊत आला. "अगंबाई, अभ्रक का गं हे?" "पोरीच्या हातात जादू आहे हो!" दाराशी उभी असलेली माझ्याकडे बघत होती. मी सांगणारच होते. पण आणखी एक बाई यायची, आणखी एकदा माझा गाल कुरवाळायची, आणि मी मनात म्हणायची, पुढच्या बाईला सांगू.

मग आईने गुलाबपाणी शिंपडायला घेतलं. बायकांवर शिंपडलं, गौरीवर शिंपडलं, आराशीवर तर अगदी सढळ हाताने. चैत्रातली दुपार, एवढीशी खोली, दहाबारा बायका. थोड्याच वेळात खवले फुगले, खळ सुटली, आणि गुलाबाच्या वासाखालून तो दुसरा वास वर आला. आंब्याची डाळ खाता खाता एकेकीचा हात थांबला. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी गायीच्या पाठीवरचा एक खवला चिमटीत उचलला आणि किंचाळल्या, "अहो, हा तर जिताडा!" नुसता मासा नव्हे, जातसुद्धा सांगितली बाईने! सोवळ्याचा एवढा तोरा मिरवणाऱ्या काकूंना खवल्यावरून जिताडा कसा ओळखता आला, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. सगळ्या पदर नाकाला लावून थू थू करत उठल्या. मला त्या एकूणएक बायकांची शिसारी आली.

आई माझ्यासमोर आली. "हे तू केलंस?"

मी दाराकडे बोट केलं. "खवले तिने लावले. मला अभ्रक म्हणून सांगितलं." एका दमात बोलून मोकळी झाले.

आईने तिला सांगितलं, पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही. मग गाय सांडशीत धरून मागच्या दारी नेली आणि रॉकेल ओतून पेटवली. त्यांच्या अंगणातून सगळं दिसत होतं. मला मार बसला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी आईची पाठ वळताच मी त्यांच्या पडवीत गेले. ती पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "चुकलं गं माझं." ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "खवले माझे म्हणून सांगितलंस ना? मग गाय पण माझी म्हणून सांग. त्या बायका छान छान म्हणत होत्या, ती मी केली होती असं सांग तुझ्या आईला. मग मी रागावणार नाही."

एवढंच मागितलं तिने. गाय जळून गेली होती, बायका आपापल्या घरी गेल्या होत्या, मार खाऊन झाला होता. माझं आता काहीसुद्धा जाणार नव्हतं. तरी मी विचार केला. चांगला बराच वेळ केला. शी! आणि मग म्हणाले, "अर्धी तुझी म्हणून सांगते."